गालाखाली तळवा

४ जुलै

मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. धाकटी लेक महिनाभर धड जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टरांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं असेल तर शपथ! सगळं मलाच विचारलं. "ऐकू येत नाही म्हटल्यावर उदास असायचीच हो ताई."

असायचीच! अहो, बहिरी ती जन्मापासून आहे. उदास आत्ता झालीय.

शेवटी म्हणाले, "विचारा, काय हवंय तिला?" तिने डोळे मिटले, गालाखाली तळवा धरला. मी सांगितलं — झोप हवी म्हणते. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

५ जुलै

गोळी पुढे केली. तिने मान हलवली. पुन्हा गालाखाली तळवा — आणि मग बोट, भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे.

गोळी मागे घेतली मी.

सासूबाई गेल्या तेव्हा ही एवढीशी. मेल्या, हे पोरीला कसं सांगायचं? मीच गालाखाली तळवा धरून दाखवलं — आजी झोपली. आमच्या घरात मरणाची खूण तेव्हापासून तीच. आणि मी डॉक्टरांना सांगून आले, झोप हवी!

सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. मी — साबणाच्या चिपा जोडून वापरणारी! तिला कुशीत घेऊन बसले ती उठलेच नाही.

६ जुलै

हे म्हणाले, "कशाला बभ्रा? देव आहे ना." देव आहे म्हणूनच तर जाते! त्याने आम्हा दोघींत मिळून एकच जीभ दिलीय, ती चालवणार.

दवाखान्याच्या खिडकीवरची बाई — "बहिऱ्यांचं कान-नाक-घशाला. खाली."

"दुखणं मनाचं आहे. मन काय कानात असतं?"

"पण डॉक्टर बोलणार कसे तिच्याशी?"

"तेच म्हणते! खुणांची भाषा येणारं माणूस बसवा."

"तुम्ही आहात की."

"मी नको. मी चुकले, तर पोर जाईल माझी."

तिथेच फतकल मारली, धाकटीचा हात घट्ट धरून. शिपाई आला, "मावशी, झाडायचंय." म्हटलं, "झाड बाबा भोवतीनं!"

गलका ऐकून मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकलं. आधी धाकटीसमोर वाकून तिला नमस्कार केला, मग मला म्हणाल्या, "आज हिला इथेच ठेवू. हिच्या शाळेतल्या शिक्षिका उद्या येतील?"

"येतील. नाहीतर उचलून आणते!"

७ जुलै

शाळेतल्या बाई आल्या. मी त्यांच्या मागोमाग आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही बाहेर थांबा." मी? बाहेर? भांडायला तोंड उघडलं — तर धाकटीनेच दाराकडे बोट केलं.

आले बाहेर.

दाराला काच आहे. तिचे हात दिसत होते. महिनाभर जेमतेम हललेले हात, आता थांबेचनात! पहिलीच खूण मला कळली — आई.

खुर्ची उचलली, फिरवली, दाराकडे पाठ करून बसले.