कोब्यात न गेलेली आठ पोती

आणि आबा, आता तुमच्या त्या कोब्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. जन्मभर सांगत फिरलात, माझ्या गॅरेजच्या कोब्यावर उसाचा भरला ट्रॅक्टर उभा करा, चरा जायचा न्हाय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली तरी गडमुडशिंगीत माणसं तेच बोलतात. आई तर तो कोबा देव्हाऱ्यासारखा जपते. ऑइलचा डाग पडला की रॉकेलचा बोळा घेऊन बसते. आणि गॅरेज आता चालवतो तो तुमचा धाकटा, त्याच कोब्यावर लिफ्ट बसवायला निघाला. दोन खांबांची, गाडी माणसाच्या डोक्यावर उचलणारी. शिरोलीत एक गॅरेज बंद पडलं, तिथनं जुनी मिळाली. घरापुढचं ते अकरा फुटाचं बोळकांड, त्यात गाडीच मुश्किलीनं शिरते, तरी पठ्ठ्यानं पत्रे दोन फूट वर घेतले, दार सरकवलं, दोन्ही खांबांच्या जागा खडूनं आखल्या. सगळं जमवलं. फक्त खाली काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

मी इथं मस्कतला हेच करतो. लोकांच्या गॅरेजात लिफ्ट बसवतो. नववी नापास, असं तुम्ही पावण्यारावळ्यांत सांगायचा. नापास नाही आबा, पेपरालाच बसलो नाही. सहामाहीच्या आठवड्यातच तुम्ही कोबा काढला. मी म्हणालो, गणिताचा पेपर आहे. तुम्ही म्हणालात, "पेपर काय, पुढल्या वर्सी बी येत्यात. वाळू आज आलीया." पुढल्या वर्षी मी शाळेतच नव्हतो. तर शाळेत नाही, इथं एका पंजाबी फिटरनं मला शिकवलं की काँक्रीट वजन सोसतं, ओढ सोसत नाही. ट्रॅक्टर नुसता खाली दाबतो. लिफ्ट तसं करत नाही. गाडी वर असेपर्यंत ती बुडातले बोल्ट उपटून काढायला बघत असते. खाली सहा इंच पक्कं काँक्रीट लागतं. तुमचं चार इंच, आणि त्यातही काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

चौदा पोती सिमेंट आणलं होतं, आईच्या दुधाच्या बिलातनं. त्यातली आठ तुम्ही तालमीपुढच्या कट्ट्याला दिलीत. मीच ढकलली ती हातगाडी. कर्ण्यावरनं तुमचं नाव पुकारलं, फेटा बांधला, नारळ दिला, कट्ट्याच्या फरशीवर नाव कोरलं. आईला सांगितलंत, एका गिऱ्हाइकानं दिलेली पोती होती. घरी सहा उरली, त्यात वाळूच वाळू. मी घमेली भरतोय, तुम्ही म्हणताय, अजून टाक. आणि शेवटचं अर्धं पोतं नुसत्या पाण्यात कालवून वर ओतलंत आणि दिवसभर गुडघ्यावर बसून थापीनं घोटत राहिलात. आई संध्याकाळी दारात आली, म्हणाली, "तोंड दिसतंय की वो ह्यात!" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही.

लिफ्टचा माणूस गुरुवारी येणार होता. तो कशाला बघतोय खाली काय आहे ते? बोल्ट पिळला की पहिल्यांदा घट्टच लागतो. धाकट्याच्या डोक्यावर गाडी असताना, त्यानं गिअरबॉक्स ओढायला जोर लावला की मग कळतं. म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि खरं ते सांगितलं. आठ पोती, तालीम, सगळं.

"दादा, तुला आबांचं कधी काय बरं दिसलंय व्हय?" धाकटा म्हणाला.

"एक भोक पाड ड्रिलनं. वाळू येती का बघ."

"आबांनी हातानं घोटलेल्या कोब्याला मी भोक पाडू? तुझ्या सांगण्यावरनं?"

"अरं, बोल्टाला पाडणारच हायस की!"

"ते लिफ्टसाठी. हे तुझ्या संशयासाठी."

मागनं आई मोबाइलमध्ये तोंड घालून बोलली, "मेल्यावर तरी सोड की रं त्या माणसाला. परदेशात बसून बापाची माती उकरतोयस."

तुमचा फोटो तिच्या मागं होता, हार घातलेला. माझ्यापेक्षा तुमचंच ऐकू येतं त्या घरात अजून. फोन ठेवला. दोन दिवस कुणी उचलला नाही. बुधवारी दुपारी उचलला, तेव्हा मी म्हणालो, "चुकलो. आबांनी न्हाय दिली पोती. मी इकली. पेपर बुडवून पिक्चरला गेलतो तवा. आठ पोती."

आबा, एक क्षण गेला नाही. कुणी विचारलं नाही, चौदा वर्षांच्या पोरानं आठ पोती कुणाला विकली, बापाच्या डोळ्यांदेखत कशी नेली. धाकट्यानं तिथंच ड्रिल लावलं. वरचा आरसा फुटला आणि मशीन लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. तपकिरी वाळू बाहेर आली. त्यानं ती मुठीत घेऊन मला कॅमेऱ्यात दाखवली. "बघ. बघ तुझी करणी. आबांनी ह्यावर गुडघं झिजवलं." आई लांबनं म्हणाली, "मला वाटायचंच." एवढंच. तेव्हापासून तिला माझाच संशय होता, आणि मला ठाऊकच नव्हतं.

कोबा काल फोडला. माझा भाऊ पुढच्या वर्षीही त्या गाडीखाली उभा राहील, हे मला पाहिजे होतं, ते झालं. तुमचं नाव तालमीच्या फरशीवर तसंच आहे. मी घरातला चोर झालो. परवडलं, असं मी इथल्या पोरांना सांगतो. परवडलं नाही.

आणि एक सांगतो, मग बंद करतो. तुम्ही मला चारचौघांत कधी धड हाक मारली नाही. "ए बैला" असंच म्हणायचा. पण त्या दिवशी हातगाडीमागं चालताना तुम्ही खांद्यावर हात टाकलात आणि म्हणालात, हे आपल्या दोघांतच. गणिताचा पेपर सुरू झाला असेल तेव्हा. मला ते आवडलं होतं, आबा. म्हणून तोंड बंद ठेवलं इतकी वर्षं, तुमच्या अब्रूसाठी नाही.

हे घरी पाठवलं तर कुणाला पटायचं नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. मोबाइलमध्येच राहील. बावीस पोती, खडी, वाळू, सळई आणि फोडायची मजुरी, असा आकडा धाकट्यानं लिहून धाडलाय, खाली फक्त "तू भर" एवढंच. उद्या पाठवतोय, सव्वीस हजार पाचशे.