नापास वाल

१८ ऑक्टोबर

आजपासून नोंदी ठेवीत आहे. जे लिहिले जात नाही ते शास्त्र नव्हे, असे मी अध्यापनाच्या संपूर्ण कारकिर्दीत विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

पार्श्वभूमी: आईच्या पश्चात आम्हा दोन भावांची कुटुंबे वर्षातून एकदाच एकत्र बसतात. जानेवारीत, रोह्याला, धाकट्या भावाच्या म्हणजे नाथाच्या शेतावर, पोपटीला. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पद्धत ओबडधोबड आहे. गेल्या वर्षी मीठ एकाच बाजूला बसले होते, हे मी तेथल्या तेथे निदर्शनास आणून दिले होते.

ऑगस्टमध्ये नाथाची अँजिओप्लास्टी झाली. शेतात पाऊल टाकायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. शेत पडीक. दवाखान्यात तो म्हणाला, "यंदा पोपटी नाय, दादा," आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हा मी सर्वांसमक्ष जाहीर केले की यंदाची पोपटी पेणला, माझ्या अंगणात, माझ्या हातच्या वालाची. नाथा हसला. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच. त्याला हायसे वाटले असावे.

२० ऑक्टोबर

मातीचा पीएच घरीच तपासला. समाधानकारक नाही. माझ्या मागील अंगणाने माझ्याशी असे वागावे, याचे आश्चर्य वाटले.

कुंपणाच्या कडेने एक उग्र वासाचे, लवदार पानांचे तण माजले होते. सूर्यफुलाच्या कुळातील एक निरुपयोगी वनस्पती, एवढे ओळखून ते मुळासकट उपटले. उरलेल्या मुळांवर उकळते पाणी ओतले. रोहिणी (माझी पत्नी) स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली की राहू द्या, असू दे थोडे. बागेत 'असू दे थोडे' या वृत्तीला स्थान नाही, हे तिला सांगितले. तिने खिडकी लावून घेतली. वास तिलाही सहन झाला नसावा.

२३ ऑक्टोबर

नाथाने गणपतीत दिलेले बियाणे निवडले. एकाच डब्यात लहान, मोठे, चपटे, सुरकुतलेले, सर्व प्रकारचे वाल. अशा बियाण्यातून शिस्तबद्ध पीक कसे येणार? व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक दाणा मोजला. उत्तीर्ण आणि नापास असे दोन ढीग केले. नापास ढीग मोठा झाला. निकाल नेहमी असाच लागतो.

नापास दाण्यांचे बिरडे करते, असे रोहिणी म्हणाली. सदोष माल घरात नको, म्हणून ते सर्व मागच्या भिंतीपलीकडे फेकून दिले. पलीकडचा प्लॉट अस्लमचा. तो कुवेतला एका कंपनीत असतो आणि प्लॉटवर जंगल माजलेले असते. त्याची आई हमिदाबी शेजारीच राहते. पण तिला जंगल हे जंगल वाटत नाही, हीच खरी अडचण.

२७ ऑक्टोबर

पेरणी. सरळ रेषेत, दोरी लावून.

या भागात वालाला पाणी देत नाहीत. भात कापले की राहिलेल्या ओलीवर वाल टाकतात आणि पुढे दवाच्या भरवशावर सोडून देतात. याला लोक शेती म्हणतात. मी ठिबक सिंचन बसविले आहे, टायमरसह. सकाळी, दुपारी, संध्याकाळी.

नाथाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "दादा, वाल हाय तो. जावई नाय." गोळ्यांचा परिणाम असेल. वाद घातला नाही.

९ नोव्हेंबर

उगवण उत्तम. पाने मोठी, हिरवीगार. फोटो काढून नाथाला पाठवले. त्याने अंगठा पाठवला.

अस्लमला व्हॉट्सॲपवर सविस्तर मजकूर पाठवला: प्लॉटची अवस्था, तणबीजांचा प्रसार, नागरिकांची जबाबदारी. उत्तर आले: "सर, ईदला आलो की बघतो. अम्मीची तब्येत विचारत जा." विषयांतर.

१६ नोव्हेंबर

भिंतीवर हिरवी जाळी लावून घेतली, चांगली उंच. आता पलीकडचे काहीही दिसत नाही. मनाला फार शांतता वाटते.

जाळी बांधणाऱ्याने गाठी तीन निरनिराळ्या प्रकारच्या मारल्या. त्या सोडवून पुन्हा मारल्या. माझ्याही एकसारख्या आल्या नाहीत. दोरीच निकृष्ट होती.

३० नोव्हेंबर

वेल कमरेपर्यंत. रासायनिक खताचा दुसरा हप्ता दिला. पीक खाते म्हणजे किती खाते, हे पाहून मन प्रसन्न होते.

नाथाच्या घरून फोन. भावजय सांगत होती, तो आता रोज स्टेशनपर्यंत चालून येतो. डॉक्टरांनी विचारले, एवढा हुरूप कशाचा, तर म्हणाला, जानेवारीत पेणला जायचे आहे, दादाचा वाल खायचा आहे. माझ्या वालामध्ये औषधी गुण असल्याचे हे पहिले प्रमाण.

१५ डिसेंबर

वेल माझ्या उंचीचे. मांडव घालावा लागला. फुले नाहीत.

फुले हा पुढचा टप्पा आहे. प्रथम पाया भक्कम करावा लागतो.

२२ डिसेंबर

फुले नाहीत. खताचा तिसरा हप्ता. पाण्याची वेळ वाढविली.

बाजारात वालाच्या शेंगा आल्या आहेत, असे रोहिणी सांगत आली. माझ्या वाणाला उशीर लागतो, असे मी म्हणालो. वाण नाथाचाच आहे ना, असे तिने विचारले. बियाणे आणि वाण यांतील फरक तिला समजावून सांगू लागलो, परंतु तिला गॅसवर दूध ठेवल्याचे आठवले.

अलीकडे ती दुपारी हमिदाबीकडे जाऊन बसते. टोपली घेऊन जाते. काय करता, विचारले तर म्हणाली, "वाल सोलतो." कोणाचे, हे विचारले नाही. बायकांच्या उद्योगांची खोलात चौकशी करणे माझ्या स्वभावात नाही.

२ जानेवारी

फुले आली. अकरा. या भागातील मधमाश्या बेशिस्त असल्याने परागीभवन स्वतः करण्याचे ठरविले. त्यासाठी मूर्तींच्या रंगांच्या दुकानातून सर्वांत बारीक ब्रश आणला. याने कारागीर गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. दुकानदाराने विचारले, मूर्ती केवढी आहे? वालाचे फूल आहे, म्हणालो. त्याने ब्रश कागदात बांधून दिला आणि आतल्या माणसाला हाक मारून बाहेर बोलावले. दोघे मी वळेपर्यंत पाहत उभे होते.

९ जानेवारी

अकरापैकी नऊ फुले गळाली. माव्याची कीड पडली आहे. दोन शेंगा धरल्या. एक वाकडी.

१२ जानेवारी

निर्णय: पोपटी पुढे ढकलावी. प्रतिकूल हवामान, पिकाचा कालावधी वगैरे कारणांसह नाथासाठी पत्रवजा मजकूर तयार केला. पाठविण्यापूर्वी सौजन्य म्हणून फोन केला. भावजयीने उचलला. नाथाने कुंभाराकडून मडके आणून ठेवले आहे. ते रोज फडक्याने पुसतो. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून झाले आहे. नवा शर्टही घेतला. "भावोजी, तुम्ही हे केलंत म्हणून माणूस उठून बसला," असे ती म्हणाली.

मजकूर पाठविला नाही. त्यातील एका वाक्याची रचना मला तशीही पटली नव्हती.

पोपटी पंचवीस तारखेस, ठरल्याप्रमाणे.

१९ जानेवारी

रोहिणीने विचारले, भांबुर्डीचा पाला कुठून आणणार? मी म्हणालो, ती कुठेही उगवते. दरवर्षी नाथा पोते भरून आणतो. मी तेव्हा खुर्चीवर बसून जाळाचे निरीक्षण करीत असतो. त्यामुळे झाड उभे पाहण्याचा योग आला नव्हता. तिने मोबाइलवर फोटो दाखविला. लवदार पाने. सूर्यफुलाचे कुळ.

ओळखीचे वाटले.

२३ जानेवारी

पूरक खरेदीसाठी बाजारात गेलो. नमुना म्हणून थोड्या शेंगा घेऊन घरच्या शेंगांत मिसळाव्यात, असा विचार होता. घरच्या दोन आहेत, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण विकतच्या बाजूने थोडे झुकले असते. शेंगावालीकडे पाटी जवळजवळ संपलेली. उरलेल्या शेंगा एकसारख्या नव्हत्या. किडीच्या खुणाही होत्या. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग नको घेऊस, बाबा. मोत्याच्या दुकानात जा." तत्त्व सोडले नाही. मटार घेऊन आलो.

रोहिणीने मटार पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते फ्रिजमध्ये ठेवले.

२४ जानेवारी

झोप नाही. नाथाला काय सांगायचे याचे चार मसुदे केले. चारही शुद्ध आहेत. एकही उपयोगाचा नाही.

२६ जानेवारी

कालच्या घटना क्रमाने लिहितो.

दुपारी नाथा आला, सोबत भावजय. नवा शर्ट, मांडीवर मडके. बराच उतरला आहे. रिक्षातून उतरायला मी त्याला हात दिला, तो त्याने घेतला. हे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. थेट मागच्या अंगणात गेला. वेलांकडे पाहत उभा राहिला. मांडवाखाली वाकून गेला, परत आला. म्हणाला, "मांडव झाक झालाय, दादा. उन्हाळ्यात खाट टाकायला."

मी पहिला मसुदा आठवून म्हणालो की या पिकाच्या वाढीचे स्वरूप काहीसे... पुढचे आठवेना.

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकांचे बोलणे ऐकू आले. एक आवाज रोहिणीचा. मी खुर्चीवर चढून जाळीची कड उचलली. अस्लमच्या जंगलात, झुडुपांवर, दगडांवर, एका मोडक्या पाण्याच्या टाकीवर सगळीकडे वाल पसरला होता. पाने बारीक, पिवळट; शेंगा मात्र घोसांनी. मधूनमधून भांबुर्डी, गुडघाभर. रोहिणी आणि हमिदाबी टोपल्या भरीत होत्या. दुसरी टोपली भरत आली होती.

हमिदाबीने वर पाहिले. म्हणाली, "सर, तुमचा वाल लय गोड हाय. डिसेंबरपास्नं खातो आम्ही. अस्लमला बोलले, प्लॉट साफ नको करू, सरांची शेती हाय."

मी आभार मानले. दुसरे काय करणार? शेंगा तिच्या जागेवरच्या, त्यामुळे रीतसर परवानगी मागितली. ती हसली आणि म्हणाली, पोपटीला मी पण येणार.

संध्याकाळी नाथाने अंगणात मडके लावले. मीठ त्याने हाताच्या अंदाजाने टाकले. मी चमचा पुढे केला होता. पेंढा, काटक्या, गोवऱ्या. जाळ धरल्यावर तो खुर्चीत बसून नुसता पाहत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या सांगण्यावरून भावजयीने मडक्यावर पाणी शिंपडले, चर्र झाले. मडके काढले, पाला सोडला. तो वास अंगणभर पसरला आणि आम्हा दोघांना एकदमच आई आठवली. निदान मला तरी.

शेंगा उत्तम होत्या. मीठ सर्वत्र सारखे होते. हे मी मोठ्याने म्हणालो नाही.

खाता खाता नाथाने विचारले, वाल तर या बाजूचा नाय, मग कुणी लावला? सर्वजण माझ्याकडे पाहू लागले. मी तिसरा मसुदा सुरू करणार, एवढ्यात रोहिणी शांतपणे म्हणाली, "यांनीच. मोजून नापास केला आणि भिंतीपलीकडे फेकला."

नाथा हसू लागला. इतका हसला की हातातली शेंग पडली, आणि त्याने छातीवर हात ठेवला. सगळे थिजले. भावजय उठलीच. तो हात हलवून म्हणाला, "काय नाय गो, काय नाय. हसू मावत नाय." डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाला:

"दादा, पुढल्या साली सगळाच नापास कर."

हमिदाबीसुद्धा हसली. मीही थोडा हसलो. सर्व हसत असताना एकट्याने गंभीर राहणे अशिष्ट दिसते.

निष्कर्ष: बियाणे मी निवडले, मीच टाकले. म्हणजे पोपटी माझ्या हातच्या वालाची झाली. वचन तत्त्वतः पूर्ण.

हानी: जाळ ठिबकच्या मुख्य नळीलगत केला गेला. नळी वितळली.

२८ जानेवारी

अस्लमला प्रस्ताव पाठविला: त्याचा प्लॉट मला पुढील हंगामासाठी द्यावा; साफसफाई, सरळ ओळी आणि ठिबक यांचा खर्च माझा. उत्तर तत्काळ आले. "सर, अम्मी म्हणते नको. अम्मी म्हणते तुम्ही फक्त फेका."

नाथाचा फोन. आवाज खणखणीत. पुढच्या वर्षीचीही पोपटी पेणलाच, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

१६ फेब्रुवारी

नळी अजून दुरुस्त झालेली नाही. पोपटीच्या दिवसापासून वेलांना पाण्याचा थेंब नाही, खतही राहून गेले. पाने पिवळी पडू लागली आहेत. मन विषण्ण.

आज सकाळी पाहतो तर मांडवभर फुले आली आहेत.

कारण शोधत आहे.