देव्हाऱ्यातलं मेडल

१६ ऑगस्ट, शनिवार

काल म्हातारा शाळेतनं आला तो सरळ खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. चहा दिला, निवला. दुसरा दिला, तोही निवला. शेवटी नातीनं सांगितलं. राजनंदिनी गेली होती सोबत. झेंडावंदनाला माजी सैनिक बोलावले होते. बाकीच्यांच्या छातीवर मेडलं, चालताना खुळखुळ वाजायची म्हणे. ह्यांच्या छातीवर मी लावलेलं बटण, तेही दुसऱ्या रंगाचं. माईकवरच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही स्वयंपाकाला होता का फौजेत?" पोरं हसली. ह्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं.

एकाहत्तरच्या लढाईत दोन बोटं देऊन आलेला माणूस! एवढा राग आला की तव्यावरची भाकरी करपली. त्यात गवारही जून निघाली.

"अवो, तुमची मेडलं कुटं हायत?" विचारलं.
"आली न्हाईत. ऱ्हायलं."
झालं. पन्नास वर्षं हेच — ऱ्हायलं! मीही कधी पुढं विचारलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सैनिकांच्या ऑफिसात जाऊन आलो! रिक्षानं. म्हाताऱ्यानं सकाळीच दाढी केली, कानामागं साबण तसाच. तिथं शिवपुत्र म्हणून बाबू आहे, अक्कलकोटकडचा. मला अज्जी म्हणतो. लई चांगला. आधी पाणी दिलं, मग खुर्ची, मग ह्यांचं फौजेचं पुस्तक उघडलं. "अज्जी, मेडलच्या जागी काहीच न्हाई की! पण आजोबा लढाईत होते हे तर हितं लिवलंय. म्हंजे मिळायला पायजेत." रेकॉर्ड दुरुस्तीचा अर्ज केला. फोन नंबर नातीचा दिला, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

येताना हे बोलतच होते. तिथली थंडी काय, बर्फात पाव कसा कापायचे काय. माझ्याशी इतकं तर लग्नातही बोलले नव्हते! घरी आल्या आल्या ट्रंकेतला कोट काढला. कसरीनं खाल्लाय. म्हणाले, "रफू हुईल न्हवं?" होईल की, का नाही होणार! माझा म्हातारा परत वीस वर्षांचा झाला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शिवपुत्रचा फोन आला, नातीनं मला दिला. हे खाली भाजी घ्यायला गेले होते, ते एक बरं झालं.

मेडलं आली होती. लढाईनंतर चारेक वर्षांनी आपल्या गावी पोचलीसुद्धा. गोल एक, चांदणीचं एक. पोच म्हणून अंगठा आहे — केराबाई, धुळाची बायको. म्हणून रेकॉर्डात ती दुसऱ्या धुळाच्या नावावर लागली.

केराबाई म्हणजे आमच्या भावकीतलीच, गावची.

आमच्या भावकीत देव धुळोबा, म्हणून घरोघरी एकेक धुळा. फौजेतही दोघं बरोबरच गेले, थोरला धुळा नि धाकला धुळा. थोरला म्हणजे आमचे हे. (नाव लिहिलं! तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं.) धाकला लढाईच्या आधीच गेला, डोंगरात गाडी उलटून. अंत्यविधी तिकडंच झाला. केराबाईला तार आली, बाकी काही नाही. पुढं हे फौज सोडून मेंढरामागं लागले. आठ-आठ महिने रानोमाळ, घराला कुलूप. त्यातच कधीतरी पाकीट आलं असणार. गावानं काय केलं असेल? फौजी धुळाचं घर म्हणून जे उघडं होतं तिथं नेऊन दिलं.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते गोल मेडल केराबाईच्या देव्हाऱ्यात बघतेय. तिच्या नवऱ्याचा टाक म्हणून. मेलेल्याला देवांत बसवायचं तर चांदीचा टाक लागतो. चांदी कुठली तिच्याकडं? फोटोही नाही नवऱ्याचा. मग तिनं मेडलच बसवलं. त्यालाच हळद, त्यालाच कुंकू. शंभरदा बघितलं असेल मी. पुरुषमाणूस दुसऱ्याच्या देवघरात कशाला डोकावतोय, ह्यांनी कधीच बघितलं नाही.

शिवपुत्र म्हणाला, "कडेवर नंबर असतो, अज्जी. त्याचा फोटो मिळाला की काम झालं."

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे ऱ्हायलं म्हणाले असते. मला ते ऱ्हायलं नको होतं.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावास्या

पाप केलं.

सकाळच्या एसटीनं गावी गेले. ह्यांना म्हणाले, उद्या घट बसणार, केरा एकटी आहे, तिचे देव घासून देते. खोटं नव्हतं. सगळं खोटं नव्हतं.

केराबाई दारातच. "अगं बया! अक्का! सोलापूरची हवा लागली की तुला, गोरी झालीस!"
"गोरी न्हवं, रक्त कमी झालंय."
"मग बस, भाकरी खा, रक्त व्हईल."
ठेच्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. काय ठेचा करते बाई! तिच्यासारखा मला कधी जमला नाही.

मग चिंच आणि राख घेऊन देव घासायला बसलो. मी म्हणाले, "तू चुलीकडं बघ, मी घासते." ती म्हणाली, "सगळं घास, पण आमच्या ह्यांस्नी हळू. कड झिजलीय त्यांची. रोज आंगूळ घालते न्हवं."

ती आत गेली. मी मेडल घासलं, पदराला पुसलं. इंग्रजी अक्षरं मला कुठली येतात! माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही मेंढरं नसतील त्या दिवशी. पण ह्यांचा फौजेतला नंबर नातीकडनं चिठ्ठीवर लिहून नेला होता. आकड्याशेजारी आकडा ठेवून बघितला, जोंधळे निवडल्यासारखा. मधले झिजलेत. पुढचे आणि मागचे तेच! फोन काढला, नातीनं शिकवलं तसं दाबलं. फोटो काढताना फोन केवढ्यानं वाजला, खटॅक!

"काय गं पडलं?" आतनं.
"काय न्हाय. वाटी."

एक वाटीसुद्धा नव्हती तिथं.

निघताना तिनं शेंगांची चटणी बांधून दिली. "भावजींस्नी आवडती." मी घेतली. घेतली मी ती!

२२ सप्टेंबर

घट बसले. तिकडं तिचे देवही विड्याच्या पानावर बसले असतील. चटणी ह्यांनी पुसून पुसून खाल्ली. मी ताटात घेतलीच नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

राजनंदिनीनं फोटो पाठवला. शिवपुत्र खूश. "अज्जी, आता नोंद सुदरायला काय अडचण न्हाई!" ह्यांना मी सांगितलं, रेकॉर्डवाल्यांनाच घोटाळा गावला. हे म्हणाले, "फौजेत उशीर हुईल पर अंधेर न्हाय." किती मान डोलावली! माझ्या खोट्यावर डोलावली.

नातीला विचारलं, "मी केलं ते चुकलं का गं?" ती म्हणते, "आजी, मेडल आजोबांचंच आहे ना? मग?" तिचं बरोबर आहे. कॉलेजात शिकतेय. पण तिनं केराबाईला कडेवरनं हळू घास म्हणताना ऐकलेलं नाही.

कोट रफू होऊन आला. एकदम फस्क्लास. अंगात घालून हे आरशापुढं उभे, मागं मी. मला हसूही येतं आणि आरशात ती झिजलेली कडही दिसते. एकाच वेळी. असं कधी झालं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

ह्यांना ओवाळलं. ओवाळणीत शंभराची नोट आणि वर म्हणतात, "मेडल आल्यावर साडी."

तेवढ्यात केराबाईचा फोन. "अक्का, भावजींचं रेकॉड सुदरतंय म्हनं! गावात कळलं. लई ब्येस झालं बाई. मी रोज आमच्या ह्यांस्नी सांगते आंगूळ घालताना — तुमच्या भावाचं मेडल मिळू द्या. दोघं बरुबर गेलता, त्यांच्या छातीवर का नको?"

ती मेडललाच सांगतेय. ह्यांच्या मेडलला! ह्यांचं मेडल मिळू दे म्हणून!

"ऐकतीस का?" म्हणाली.
"ऐकते की."
"रडतीस का काय?"
"कांदा चिरत हुते."
पाडव्याला कोण कांदा चिरतंय भजी नसताना. करंज्या तळत होते.

१० नोव्हेंबर

केराबाईचा फोन आला. घेतला नाही. नातीला म्हणाले, आजी झोपलीय म्हणून सांग. ती माझ्याकडं बघत राहिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र आलं. हे खाटेवर बसून मोठ्यानं वाचत होते, शेजारच्या गंगम्माला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. नोंद दुरुस्त केली. शिपाई धुळा बिरा यांची दोन पदके. मी देवापुढं साखर ठेवायला उठले. तर मागनं आवाज थांबला. परत हळू वाचलं — सोबतच्या फोटोतलं पदक हे त्यांचंच असल्याची खात्री झाली.

"फोटो कुणी दिला?"

साखर हातातच.

सगळं सांगितलं. टाक, चिंच, वाटी. ह्यांनी पत्राची घडी घातली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्हंजे पन्नास वर्षं तिच्या देव्हाऱ्यात मी हाय?" मग चष्मा काढून ठेवला. "गोजे, तिला आता कोण सांगणार?"

"नका सांगू," म्हणाले मी. "पत्र ट्रंकेत ठिवू. कुणाला कळतंय?"

"सोळा डिशेंबरला, विजय दिवसाला, मी मेडल लावून हुबा ऱ्हानार. ती गावातनं बघाया येनार. कळंल न्हवं?"

२६ नोव्हेंबर

सकाळीच हे गावी गेले. एकटे. मी येते म्हणाले, तर नको म्हणाले. दिवसभर दारात उभी. दूध उतू गेलं.

संध्याकाळी आले, हात मोकळे. "सांगितलं. मागितलं न्हाय."
"काय म्हनाली?"
"काय न्हाय. खाली बसली." वहाणा काढता काढता, "रेकॉडवाल्यांनीच हुडकलं म्हनून सांगितलं. तुजं नाव घेतलं न्हाय."

तेवढ्यासाठी त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. आणि तेवढ्यासाठीच लाज वाटली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्या एसटीनं केराबाई आली. फडक्यात दोन्ही मेडलं. मी दार उघडलं. म्हटलं, आता शिव्या घालंल, घालू दे.

ती आत आली आणि ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "भावजी, माजी चूक झाली. जित्या मानसाला म्या मेलेल्यात बसिवलं. पन्नास वर्षं! तुमचं काय वाईट झालं आसंल तर माज्यामुळं." हे "उठा उठा" म्हणत होते. मग माझ्याकडं वळली. माझे दोन्ही हात धरले. "अक्का, तुज्या कुंकवाशी खेळले गं मी. माफ कर म्हन. म्हनल्याबिगर चहा घेनार न्हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. वाट बघत होते.

आणि मी म्हणाले, "असू दे बाई. केलं माफ."

मी म्हणाले! मी!