सिंधुचे तोडे आणि माझी नाणी

४ एप्रिल २०२५, सकाळी
आजपासून मी नाणेसंग्राहक. ऑफिसात तसं जाहीर केलं. कोणी काही बोललं नाही, म्हणजे दबदबा बसलेला दिसतो. जुन्या नाण्यांच्या नादी लागणार नाही, त्यात फसवणूक फार. फक्त सरकारी स्मारक नाणी. थेट टांकसाळीतून, सर्टिफिकेटसकट.

४ एप्रिल, दुपारी
वेबसाइट पाहिली. पंच्याहत्तर रुपयांचं चांदीचं नाणं साडेचार हजारांना. उठून पाणी प्यालो. मग शांतपणे विचार केला. आज एवढं महाग, तर दहा वर्षांनी केवढं असेल! म्हणजे आजच स्वस्त आहे.

६ एप्रिल
सिंधुशी चर्चा. तिच्या आईचे चांदीचे तोडे कपाटात पडून आहेत. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. मी मांडणी केली की चांदी घरातच राहणार, फक्त आकार बदलणार. ती म्हणाली, दिवाळीनंतर लातूरजवळच्या मुरुडला भावाच्या मुलीचं, वर्षाराणीचं लग्न आहे. त्यात आईचे तोडे घालायचेत. मी शब्द दिला: लग्नाच्या आत दोन नाणी विकून तस्सेच तोडे घडवून आणतो, वर नफा.
"तसेच केले तरी ते आईचे कसे व्हतील?" ती म्हणाली.
मी डिझाइनचा फोटो काढून ठेवला. नंतर ती काही बोलली नाही. होकार समजलो.

१७ मे
तोडे मोडून घेतलेली चार नाणी आली. नाणं प्लास्टिकच्या डबीत, डबी मखमली पेटीत, पेटी खोक्यात. हात लावू नये अशी सूचना. आम्ही सगळ्यांनी लांबून पाहिली.

११ जुलै
सरकारने आणखी पाच नाणी जाहीर केली. संग्रह पूर्ण व्हायला चार कमी होती, आता नऊ. मी एक घेईपर्यंत हे दोन काढतात. सरकारी काम एवढ्या वेगात होताना मी पहिल्यांदाच पाहतोय, आणि मी स्वतः सरकारी नोकर आहे. संकल्प: आता एकही नाही.

१२ जुलै
एक बुक केलं. चारचा आकडा बरा दिसत नव्हता.

८ ऑक्टोबर
चांदी पेपरात पहिल्या पानावर! एप्रिलपासून दीडपट. सिंधुपुढे पेपर धरला, म्हणालो, बघ, मी काय सांगत होतो. तिने विचारलं, आज तोड्यांचे किती आले असते? प्रश्न भावनेच्या भरात होता. पेपरची घडी घातली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
पाचही नाणी पाटावर मांडली. माझी आई, धुरपताबाई, चष्मा सारखा करून म्हणाली, "डबीतल्या लक्ष्मीला हळद कशी लागल रं?" मुद्दा शास्त्राला धरून होता. डब्या मीच उघडल्या. पंचामृत, हळद, कुंकू, सगळं यथासांग झालं. पूजेनंतर आईने चिंच आणि राख लावून नाणी खसाखसा घासूनही दिली. आता टांकसाळीतून आली त्याहून जास्त लखलखतात. किंमत वाढली असणार.

१६ नोव्हेंबर, लातूर
लग्नाला दोन आठवडे. आज विक्री. नाण्यांचे जुने व्यापारी चन्नबसप्पा यांच्याकडे गेलो. त्यांनी भिंगातून एक नाणं पाहिलं आणि कशाने घासलं ते विचारलं. सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी विचारलं, समजा घासलं नसतं तर?
"तरी म्या घेतलं नसतं," ते म्हणाले. "हे नानं जपून ठेवायसाठीच निघालं. ज्यानं घेतलं त्यानं जपून ठेवलं. मंग मागणार कोन?"
माणूस निराशावादी वाटला. चहा मात्र चांगला पाजला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी, एसटीत
चन्नबसप्पांनंतर सराफाकडे वजनावर विचारून आलो. नाण्यात चांदी निम्मीच, उरलेलं बहुतेक तांबं. सर्टिफिकेटवर तसं छापलेलंच आहे; मी सही-शिक्का बघून पुढचं वाचलं नव्हतं. पाचही मोडली तरी एका पायाचा तोडा होत नाही. एका पायाचा तोडा कोण घालतं? मोडली नाहीत. निर्णय योग्य.

२५ नोव्हेंबर
सिंधुने लग्नाची बॅग भरली. तोड्यांचं विचारलं नाही. समजूतदार बाई. मला नवी कल्पना सुचली आहे: वर्षाराणीला आहेर म्हणून नाणं द्यायचं. एकच, कारण अशी वस्तू घाऊक देत नाहीत. मुरुडात असा आहेर कोणी पाहिला नसेल. सगळे नाण्याकडे बघतील, सिंधुच्या पायांकडे कोणाचं लक्ष जाणार नाही.

३० नोव्हेंबर, मुरुड
नाणं मखमली पेटीतून दिलं. आहेर लिहिणाऱ्याने ते बाहेर काढलं, उलटंपालटं केलं, त्यावरचा आकडा वाचला आणि माइकवर पुकारलं: "नवरीच्या आत्याकडून, नांदेडचे शेषेराव, रुपये पंच्याहत्तर."
मांडवात चार कर्णे होते. मी त्याला सर्टिफिकेट दाखवायला निघालो, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, वरचा एक रुपया कुठाय? माझ्याकडे सुटा नव्हता. त्याने स्वतःच्या खिशातून दिला. वहीत शहात्तर लागले. तेही पुकारलं.
जेवायला बसलो तेव्हा सिंधुचा भाऊ दयानंद पंगतीतून पाणी वाढत आला. तिच्या पायांकडे बघून थांबला.
"ताई, आईचे तोडे घालून येनार होतीस ना?"
मी ताटात बघत राहिलो. सिंधु म्हणाली, "घरी हायेत. हेच म्हनले, गर्दीत एखादा पडला तर आईची वस्तू पुन्हा मिळायची न्हाई. म्हनून ठेवले."
दयानंदचे डोळे भरून आले. "बरं केलं दाजी," तो मला म्हणाला, आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटात अजून एक बुंदीचा लाडू वाढायला लावला. सिंधुने माझ्याकडे पाहिलं नाही.
लाडू खाल्ला. एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.