दहा सुया

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे. अक्षर एवढं मोठं बघून घाबरू नकोस, जाड पेन मुद्दाम घेतलंय. माझ्या मल्टिपल स्क्लेरॉसिसने डाव्या डोळ्यामागची नस पुन्हा सुजली आहे. डॉक्टर म्हणाले, उतरेल.

शिवणाचं काम सुटलेलं नाही. परवा मात्र वीस लाल फ्रॉकची बटणं मी तपकिरी दोऱ्याने लावली. त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो आणि उजव्याने बघून घ्यायचं राहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "काढ सगळी आणि पुन्हा लाव." ती काढता काढताच दुपार संपली, आणि मीही.

हा थकवा झोपूनही जात नाही गं. जिन्यात मध्येच टेकते, तर शेजारीण म्हणते, "आता इथेच बिऱ्हाड थाटा!"

दादाचा खोकला गेला का? बाबा अजून कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात का?

शाळेत जाण्याआधी मी तुला दहा सुया ओवून ठेवायचे, आठवतं? कंटाळा आला की सहाच ओवायचे आणि पळायचे. आता बाजूच्या मशीनवरची बाई मला रोज सुया ओवून देते. काल ती घाईत होती, तिने निम्म्याच ओवल्या. मी काही बोलले नाही.

आई, त्या सहा संपल्यावर तू काय करायचीस? तूही कधी बोलली नाहीस.

तुझीच,
धाकटी