भाविकाने काढलेले काटे

पोफळी, सोमवार

ती. आईस नमस्कार,

पॉवरहाऊसमधली ड्यूटी ठीक चालली आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

सुजय लडाखहून तीस दिवसांच्या रजेवर आलाय. घटस्फोटात कोर्टाने दिलेले महिन्याचे दोन रविवार त्याला वर्षभर घेता येत नाहीत, म्हणून पूर्ण रजाभर भाविका मागतोय. मी नकार देणार होते.

काल तो इथेच जेवला. भाविकाने बांगड्याचे काटे काढून त्याला भरवलं. "थांबा बाबा, एक राहिला हां!" काटे काढायला तिला मी शिकवलं, मला एकदाही भरवलं नाही. इतका हेवा मला कधी कुणाचा वाटला नव्हता.

तरी तिची ती माया बघून तीस दिवस दिले. एकतिसाव्या दिवशी मिरकरवाड्याचे बांगडे पाठव. मी काटे काढणार नाही.

तुझी,
योगिनी