बर्फ बघायला येण्याचा खर्च

१२ मे

धाकटे,

तुला आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, पण या घरात माझं ऐकतं कोण? पत्र नात लिहितेय. मी बोलेन तसंच लिही, वर शहाणपणा नको, असं तिला बजावलंय.

पत्राला कारण खर्चाचं. तुझ्या गावी आता लांबलांबून माणसं बर्फाचा डोंगर बघायला येतात म्हणे. मी आणि नात, आम्ही दोघीही निघायचं म्हणतोय. नातीने चौकटीच्या कागदावर आकडे मांडले, मी टेबलावर बटणं मांडली. जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं केली, मला दुसरा हिशेब येतो कुठे? मोठं बटण हजाराचं, छोटं शंभराचं. रेल्वेला सहा मोठी. बसला दोन. पुढे आठवड्यातून एकदाच सुटणारी बोट, तिला चार. बर्फावर चालवणाऱ्या वाटाड्याला तीन, खिळ्यांचे बूट धरून. म्हटलं, घसरायचे वेगळे घेतो का विचार. कोट जुन्या ब्लँकेटचा शिवलाय.

"आणि राहायचं?" नातीने विचारलं. मी म्हटलं, आधी बाकीचं लिही.

बटणांचा डबा उपडा केला तेव्हा तळातून तुझं पाकीट निघालं. एकतीस वर्षांपूर्वीचं. न फोडलेलं.

नात विचारतेय, "आजी, हे खरंच लिहू?" लिही बाई.

ते पाकीट घेऊन आलेला खलाशी म्हणाला होता, "बहिणीने स्वतःच्या हाताने लिहिलंय." माझ्या मागे मागे चालणारी पोर तिकडे जाऊन अक्षरं शिकली, आणि मला तर पाकीट सुलटं कुठून धरायचं तेही कळेना. कुणाकडून वाचून घ्यायचं तर तेवढं कबूल करावं लागलं असतं. उद्या बघू म्हणून डब्यात टाकलं. तुला वाटलं असेल, थोरलीने तोंड फिरवलं. बरोबरच वाटलं.

परवा नातीने वाचून दाखवलं. ‘ताई, इथं बर्फ चालतो. दिवसाला वीतभर. तो तडकला की फळीवरची भांडी हलतात. भेगेत वाकून बघितलं तर आत निळा उजेड आहे. पण एकटीने बघून बघितल्यासारखं वाटत नाही. तू ये. भाडं सोबत ठेवलंय.’

आत चार नोटा होत्या. आता चालत नाहीत. बँकेतल्या कारकुनाने शेजारच्याला बोलावून दाखवल्या.

मग नातीने फोनवर तो डोंगर दाखवला. त्याचा कडा सुटला, आपल्या अख्ख्या गल्लीएवढा, आणि पाण्यात बुडाल्यावर मागून त्याचा आवाज आला. दूध उतू गेलं तरी मला उठवेना. धाकटे, साठ तऱ्हेचा निळा धागा मी सुईत ओवलाय. हा निळा एकाही रिळावर नव्हता. एवढं अफाट काहीतरी रोज तुझ्या दारापुढे वीतभर सरकत होतं, आणि मी इथं बोटभर पाकिटाला भिऊन बसले होते. नात सांगते, आता तो वितळून मागे हटतोय, वर्षाला शंभर पावलं.

तू अजून धक्क्याजवळच्या घरात राहतेस, हे बोटीच्या तिकीट खिडकीवर फोन करून विचारून घेतलं. नातीने लॉजचे दर काढले होते. सगळी बटणं ओतली तरी दोनच रात्री निघतात, आणि परतीची बोट सातव्या दिवशी. तेव्हा सरळच विचारते. आम्हाला घरात घेशील का? तू नाही म्हणालीस तर येणं होणार नाही, आणि रागावण्याचा तुला हक्क आहे.

हो असो की नाही, लिहून पाठव. या वेळी पोस्टमनलाच दारात थांबवीन आणि म्हणेन, वाच रे मोठ्याने, मला वाचता येत नाही. शेजारपाजार ऐकू दे.

तुला एवढी वाट बघायला लावणारी,
थोरली